सुमती कुठे जाते

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा बावीस बाडं! डिसेंबर आला की सगळ्यांना कादंबरी पुरी करायचा झटका येतो. अप्पा प्रकाशक, मी त्यांची संपादक; त्यांनी टेबलावर दोन चळती लावल्या. "क्षिते, अकरा तू, अकरा मी. ज्यावरून भांडू, ती पुष्करला." पुष्कर कॉलेजात शिकवतो. दर शनिवारी येतो, आमच्यासाठी वाचतो आणि पेन्सिलीने छळतो.

अप्पांची पद्धत ठरलेली. पहिली दहा पानं, मग एकदम मधली दहा. शेवट वाचतच नाहीत. "सुरुवात लेखक नटवतो, शेवट घोटतो. मधल्या पानावर तो एकटा असतो. तिथे गाठायचा." बेचाळीस वर्षं हेच, गिरगावातल्या या दोन खोल्यांत. वर्षाला तीन कादंबऱ्या. यंदाच्या दोन ठरल्यात. एकच जागा उरलीय.

माझ्या चळतीत सगळ्यात खाली परळचं पाकीट. आखीव कागद, दोन्ही बाजूंनी निळी शाई. आणि कागदांना फिनेलचा वास! शिवा दगडू घाडी, वय सत्तर. एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं लिफ्टमन होते. कादंबरीचं नाव — 'साडेतिसरा मजला'.

नुसतं नाव वाचून किती वेळ गॅलरीत उभी राहिले, कुणास ठाऊक. साडेतिसरा मजला. तिथे कोण राहत असेल?

९ जानेवारी, गुरुवार

वाचून झालं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकते. आत सात माणसं. चाळीस मिनिटं. तेवढ्यात लिफ्टमन वसंतच्या डोळ्यांसमोरून अख्खी नोकरी सरकते. काही जागी वाचता वाचता थांबावंच लागलं. नुकताच बाप झालेला एक माणूस आणि मुलगा गेलेला एक माणूस — एकाच लिफ्टमध्ये, एकमेकांना जागा करून देताहेत!

पण किती ते 'परंतु'! किती तो 'नियतीचा खेळ'!

आणि वसंतची बायको, सुमती. ती येते, चहा ठेवते, जाते. मोजलं. सतरा वेळा. एकदाही बोलत नाही.

दुपारी खुर्चीतच डुलकी लागली. स्वप्नात कुणीतरी माझ्या हातात कप दिला आणि पाठ फिरवून निघून गेलं. हाक मारावी तर नाव आठवेना.

११ जानेवारी, शनिवार

बैठक. पुष्करचा निकाल — "आठवणी आहेत. कादंबरी नाही. साभार परत."

"मधली पानं चांगली आहेत रे," अप्पा म्हणाले.

"मग दहा पानांचं पुस्तक काढा!"

मी म्हटलं, एक पत्र लिहून बघू दे. अप्पा चष्म्यावरून बघत राहिले. "लिही. पण एकच प्रश्न विचार. दहा विचारलेस तर म्हातारा घाबरेल. एक विचारलास तर विचार करील."

१४ जानेवारी, मंगळवार

पत्र टाकलं. चार खर्डे फाडले. शेवटी दोनच वाक्यं उरली — 'सुमती चहा ठेवून जाते. कुठे जाते?'

३ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर आलं! अक्षर वेगळं — गोल, शाळकरी. वर चिठ्ठी: 'काचबिंदूमुळे आता मला दिसत नाही. सून अक्षदा हिच्या हातून लिहून पाठवत आहे.' खाली एक नवं प्रकरण. अकरा पानं.

सुमती चहा ठेवते आणि चाळीच्या गच्चीवर जाते. दुपारी पाणी येतं तेव्हा. टाकीच्या पत्र्याला कान लावते. आत पाणी चढत असतं, आणि तिला माहेरची खाडी ऐकू येते. भरती कुठवर आली, कुठली होडी लागली, कुणाच्या पायऱ्या बुडाल्या — सगळं ती पत्र्याला कान लावून सांगते. कुणालाच नाही. तशीच. टाकी भरली की खाली येऊन कप विसळते.

एकही 'परंतु' नाही.

अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते उठले आणि पुठ्ठ्यावरची 'साभार परत'ची चिठ्ठी काढून टोपलीत टाकली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या गच्चीवर जाऊन टाकीला कान लावला. खालच्या काकू बघत होत्या. "काय गं, गळते का?"

नाही म्हटलं. गळत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीन पत्रं गेली, तीन उत्तरं आली. आज सुमतीचे गुरुवार. दर गुरुवारी ती भाजीची पिशवी घेऊन निघते, गिरगावची बस धरते, शेवटच्या थांब्याला उतरते, समुद्राकडे पाठ करून बाकावर बसते — 'समुद्र बघायला आली असं कुणाला वाटू नये म्हणून' — आणि पुढच्या बसने परत जाते. कुणाला पत्ता नाही.

मी रोज त्याच रस्त्याने जाते. मला ती दिसली नसेल कशावरून?

खरं लिहायचं तर लिहावं. इथे कोण वाचतंय! मी त्या पत्रांची वाट बघते. टपालाच्या वेळेला केस नीट करते — वय वर्षं सत्तेचाळीस! डोळ्यांसमोर एक माणूस येतो. खिडकीपाशी बसलेला, डोळे मिटलेले, हळू आवाजात सांगतोय. बाईच्या मनात इतकं खोल उतरलेला पुरुष मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आईबाबा गेल्यापासून या घरात मी कुणाशी मनातलं बोलले नाही. आणि त्या सत्तर वर्षांच्या माणसाला पत्रात लिहिलं — 'तुमची सुमती वाचली की मी दिवसभर जरा पाण्याखाली असते.' संपादकाने असं लिहायचं असतं का? लिहिलं खरं. टाकलंही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पुष्कर दोन तास नुसता वाचत होता. मग म्हणाला, "हा माणूस इतके दिवस कुठे होता?"

मला कोण आनंद! पण त्याचं पुढचं — "क्षितिजाताई, हे दोन लोकांनी लिहिलंय."

"म्हणजे?"

"लिफ्टच्या पानांवर दर पानाला तीन-चार 'परंतु'. सुमतीच्या पन्नास पानांत शून्य. लिफ्टमध्ये माणसं दिसतात. सुमतीकडे सगळं ऐकू येतं, हाताला लागतं. आधी पाणी, मग पत्रा, मग कान. हा क्रम माणूस बदलत नाही. चालण्यासारखा असतो तो."

मी चिडले. म्हटलं, ज्याचे डोळे गेले त्याला ऐकूच येणार ना! पुष्करने खांदे उडवले. अप्पा दोघांकडे आळीपाळीने बघत सुपारी कातरत राहिले.

घरी येऊन पानं मांडली. 'परंतु' मोजले. नकोच होतं मोजायला.

५ मार्च, बुधवार

आज जे आलं त्याचं काय करू?

सुमती शेजारणीची साडी नेसते. हातात रिकामा डबा. भेटीच्या वेळेत हॉस्पिटलात शिरते, रांगेत उभी राहते आणि नवऱ्याच्या लिफ्टमध्ये चढते. तो स्टुलावर, बटणांकडे तोंड करून. "कितवा?" तो विचारतो. वळत नाही. "तिसरा," ती सांगते. बारा सेकंद. ती त्याच्या मानेकडे बघते. कॉलर तिनेच उलटवून शिवलेली. टाका सुटलाय. तिसऱ्यावर उतरते, जिन्याने खाली येते, घरी जाते. संध्याकाळी चहा ठेवते. तो पितो. ती जात नाही, उभी राहते. "काय झालं?" तो विचारतो. "काही नाही. कॉलर द्या, टाका घालते."

मी या प्रकरणात एक स्वल्पविरामसुद्धा हलवणार नाही. अप्पा म्हणतात, "वाक्य दुरुस्त करण्याआधी मोठ्याने वाच. ते तुझ्या श्वासात बसत नाही म्हणून तोडू नकोस, श्वास तुझा आखूड असेल." आज वाचलं. माझाच आखूड पडला.

१२ मार्च, बुधवार

करारावर सही घ्यायला परळला गेले. नवी साडी नेसून! आता लिहिताना लाज वाटते.

चाळीत दुसरा मजला, टोकाची खोली. शिवाकाका खाटेवर बसलेले. भलेमोठे हात. बोलताना उजवा हात आपोआप वर-खाली होतो. "या मॅडम. बसा. अक्षदा, मॅडमना कोकम दे." अक्षदा तिशीची असेल. भिंतीवर हार घातलेला फोटो — काकांची बायको, शेवंती. जाऊन दोन वर्षं झाली म्हणाले. मुलगा, स्वप्नील, लोअर परळला कुठल्याशा ऑफिसात, कामावर गेलेला.

मी खुळ्यासारखी बोलत सुटले. "काका, ती टाकी! ती खाडी! कुठून सुचलं तुम्हाला?"

काकांचा हात अधांतरी थांबला. "खंयची टाकी?"

अक्षदाच्या हातून पेला पडला. "बाबा, पाण्याची टाकी. खालची. मॅडमना पाणी येतं का विचारतायत." माझ्याकडे असं बघितलं की मी पटकन कराराचे कागद काढले.

काकांनी सही केली. बोट ठेवून, रेघेच्या बरीच बाहेर. म्हणाले, "एकतीस वर्षं लोकांना वर नेलं मॅडम. आता तुम्ही मला नेताय."

जिन्यात अक्षदाने माझा हात धरला. "मॅडम, तुमची पत्रं आधी मीच वाचते. त्यांना सांगितलं, पुस्तक आहे तस्सं घेतायत. ते रोज विचारतात, वाचून दाखव. मी जुनी वहीच वाचते."

"मग ही प्रकरणं?"

"हात माझा आहे," ती म्हणाली. मग खाली बघून, "पत्रांमध्ये तुम्ही किती छान लिहिता. असं मला कोणी कधी लिहिलं नाही. मग मी पाठवत गेले. बाबांना नका ना सांगू. हे पुस्तकच आहे त्यांच्याकडे. दुसरं काय आहे?"

काय बोलले आठवत नाही. लालबागपर्यंत चालत आले. मसाल्याच्या दुकानांवरून मिरचीचा वास, डोळ्यांत पाणी. बरं झालं — कुणी विचारलं तर सांगायला कारण होतं.

१३ मार्च, गुरुवार

खिडकीपाशी बसलेला माणूस गेला. कधी नव्हताच तो. आज टपालाच्या वेळेला केस विंचरले नाहीत.

१५ मार्च, शनिवार

अप्पांना सांगितलं. पुष्कर होता, पण 'बघा, मी म्हटलं नव्हतं' असं म्हणाला नाही. भला मुलगा आहे.

अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. "क्षिते, या बेचाळीस वर्षांत वाईट पुस्तकं काढली मी. चार-पाच तर फारच वाईट. पण ज्याने लिहिलं त्याचंच नाव घातलं. म्हाताऱ्याला विचार. तो नाही म्हणाला तर त्याची जुनी वही त्याला परत, आणि पुस्तक नाही."

"अप्पा, त्यांना वाटतंय आपण त्यांचं पुस्तक काढतोय. हे ऐकून ते मोडतील."

"छापून आल्यावर कुणी वाचून दाखवलं, मग मोडतील. तेव्हा आपण शेजारी नसू."

मी एका प्रश्नाने त्या घरात शिरले. दार मीच ढकललं. आता बाहेर कशी येऊ?

२१ मार्च, शुक्रवार

गेले. काका एकटेच. "बसा. अक्षदाला मीच रेशनला पाठवली. तासभर नाय येणार."

मी सुरुवात करणार तेवढ्यात ते म्हणाले, "तुम्ही सांगायला आलात ता माका म्हायत आसा."

मग त्यांनीच सांगितलं. फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी ते पडले होते, अक्षदाला वाटलं झोपले. ती लिहिलेलं स्वतःशीच वाचत होती, हळू. "एक ओळ ऐकली, वाटलं रेडिओ. दुसरी ऐकली आणि उठून बसणार होतो. नाय उठलो. त्या दिवसापासून रोज दुपारी झोपेचं सोंग. त्या दिवशी तुम्हाला टाकीचं विचारलं, तेपण सोंगच. मॅडम, माझ्या जन्मात मी इतकं छान ऐकलं नाय."

"राग नाही आला?"

"आला की! चार दिवस आला. माझ्या वहीत घुसली म्हणून. मग वाटलं, माझ्या वहीत ती सुमती नुसता चहाच ठेवते. म्हणजे शेवंतीच ती. चाळीस वर्षं तिने ठेवला, मी प्यालो. ती ठेवून कुठे गेली, मी कधी विचारलं नाय. तुम्ही विचारलंत. परक्या बाईने."

बाहेर कुणीतरी पाण्याचे हंडे लावत होतं.

मग अगदी हळू आवाजात — "त्या लिफ्टचं लिवलंय तिने. सुमती लिफ्टमध्ये येते आणि तो वळत नाय. ती गोष्टच ना, मॅडम? शेवंती कधी हॉस्पिटलात आली नाय. एकदापण नाय."

"कादंबरी आहे, काका," मी म्हटलं.

"हां. कादंबरी." त्यांनी मान हलवली. मोठा श्वास सोडला. "तिचं नाव घाला. माझ्या आधी. ती वर, मी खाली."

अक्षदा रेशनची पिशवी घेऊन दारात उभी होती. कधीची कोण जाणे. पिशवी ठेवली आणि खाटेशी बसून सासऱ्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. त्यांनी चाचपडत तिच्या केसांवर हात ठेवला. म्हणाले, "आज दुपारी जागा राहून ऐकणार. मोठ्याने वाच."

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळपासून रस्त्यावर ढोल, वाडीत गुढ्या. मी दार लावून मुद्रितं तपासत बसले. ढोलाचा आवाज भिंतींतून गाळून येतो, आणि मध्येच वाटतं की सुमती खालून चाललीय, भाजीची पिशवी घेऊन, त्या सगळ्या नऊवाऱ्यांच्या आणि फेट्यांच्या गर्दीतून, कुणालाही न दिसता.

काकांचे 'परंतु' बरेच काढले. सगळे नाही. काही त्यांच्या श्वासाचे आहेत.

पुस्तक गमतीदार झालंय. एक प्रकरण बघणारं, एक ऐकणारं. वर-खाली, वर-खाली. पुष्कर म्हणतो, सांधे मुळीच झाकायचे नाहीत. बरोबर आहे त्याचं.

अक्षदाला पत्र लिहिलं. पहिल्यांदाच तिच्या नावाने. 'प्रिय अक्षदा' लिहून बराच वेळ थांबले. मग लिहिलं — 'पुढे काय लिहिणार आहेस?'

१० एप्रिल, गुरुवार

मुखपृष्ठ आलं. करड्या रंगावर लिफ्टच्या जाळीचं दार, अर्धं उघडं. खाली दोन नावं. अक्षदा स्वप्नील घाडी. शिवा दगडू घाडी. अप्पांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "चांगलं आहे. सोमवारी सुट्टी, मंगळवारी छपाईला देऊ."

अक्षदाचं माझ्या पत्राला उत्तर नाही. फोन केला तर म्हणाली, "मॅडम, पुढचं माझ्याकडे काही नाही." आवाज पडलेला. पहिल्या पुस्तकानंतर सगळ्यांचं असंच होतं, मी तिची समजूत काढली.

१६ एप्रिल, बुधवार

अक्षदा ऑफिसात आली. घामाघूम. "मॅडम, हात माझा आहे म्हटलं होतं. तुम्ही पुढचं विचारलंच नाहीत. मलाही सांगवलं नाही." मोबाइल टेबलावर ठेवला. सासूबाई जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिने टेप केलेलं — एकोणीस तुकडे. शेवंतीबाईंना लिहिता येत नव्हतं. नवरा वही मोठ्याने वाचायचा, तेव्हा त्यांनी स्वतःला त्यात ऐकलं होतं. टाकी, गुरुवार, लिफ्ट — सगळं त्यांच्या तोंडचं, सगळं घडलेलं. अक्षदाने फक्त मालवणीचं पुस्तकी केलं.

खरखरीत, सावकाश आवाज. मध्येच थांबतो. "नाय गो, तां पुसून टाक. बरां वाटणा नाय." मग तेच वाक्य पुन्हा, दोन शब्द कमी करून.

छापखान्याला फोन केला — मुखपृष्ठ थांबवा, नाव चुकलंय.

"बाबांना मीच ऐकवते," अक्षदा म्हणाली. "आजच." मोबाइल उचलून गेली.

आता ती परळला पोहोचली असेल.